लेकराच्या हातात मोबाईल देताय? आधी त्याची रीत शिकवा

दोन वर्षांपूर्वी माहेरी, औशाजवळच्या आमच्या गावात, चुलत आजोबा वारले. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बाया बसल्या होत्या, मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. माझा मोठा तेव्हा सात वर्षांचा. त्याची चुळबूळ सुरू झाली म्हणून मी माझा मोबाईल त्याच्या हातात दिला आणि "गप बस बरं" म्हणाले. पाच मिनिटांत कोपऱ्यातून डीजेचं गाणं सुरू झालं, तेही फुल्ल आवाजात. त्याला आवाज कमी करायचं बटन सापडेना आणि इतक्या बायांतून मला त्याच्यापर्यंत पोचता येईना. शेवटी माझ्या आईनं उठून फोन घेतला. बंद कसा करायचा ते तिलाही माहीत नव्हतं, तिनं तो सरळ गोधडीत गुंडाळला. गाणं गोधडीतून वाजतच राहिलं.

परत येताना एसटीत मी त्याला खूप बोलले. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तूच दिलीस की."

खरंच होतं ते. चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची, पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे त्याला चालता यायला लागल्यापासून आम्ही शिकवत होतो. मोबाईल मात्र नुसता हातात दिला. त्याचीही काही रीत असते, हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर आमच्या लातूरच्या घरात बरंच काही करून बघितलं. काही फसलं, काही टिकलं. आता मोठा नऊ वर्षांचा आहे आणि धाकटी पाचची. टिकलं ते इथं क्रमानं लिहिते. साधारण तीन ते दहा वर्षांच्या लेकरांना हे लागू पडेल. त्यापुढच्या वयाचा मला अजून अनुभव नाही.

किती वेळ द्यावा, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, म्हणून तो आधीच मिटवते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं चांगलं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही तसाच आहे: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, नातेवाइकांशी कधीमधी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. यात टीव्हीसुद्धा धरायचा. "मोबाईल नाही दिला, टीव्हीवर यूट्यूब लावून दिलं" ही पळवाट मी स्वतः वर्षभर वापरली आहे, त्यामुळं मला ती चांगली ओळखू येते.

हाताशी काय काय लागेल

- फोन ठेवायची एक ठरलेली जागा. कोनाडा, देवळी, फळी, काहीही चालेल, फक्त झोपायच्या खोलीत नको.
- चावीचा किंवा सेलवरचा साधा गजर. फोनमधला गजर नको, कारण तो बंद करायला लेकरू पुन्हा फोनच हातात घेतं.
- डोक्यावरून घालायचा, लेकराच्या मापाचा एक हेडफोन.
- मोठ्यांच्या फोनला असा पिन, जो लेकरांना माहीत नाही. पॅटर्न नको. बोटांच्या रेघा काचेवर उमटतात आणि चार वर्षांची पोरगी त्या वाचते.
- एक वही.
- तीनेक आठवड्यांचा धीर. हे दुकानात मिळत नाही आणि सगळ्यात आधी तेच संपतं.

पायरी १: आधी मोठ्यांनी एकत्र बसायचं

लेकरांना न बोलावता बसा. घरात जेवढे मोठे तेवढे सगळे हवेत, आजी-आजोबा तर हवेतच. आमच्याकडं माझे पती आडत बाजारात कामाला आहेत. सोयाबीनचा सौदा सुरू असला की त्यांचा फोन जेवतानाही कानाला असतो. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, दुपारी कीर्तन ऐकायला फोन लागतो. मामंजींना बातम्या लागतात. आणि मला काय लागतं ते मी त्या बैठकीत सांगितलं नाही, पण आत्यांनी सांगितलं: "ही भाजी निवडताना रील बघती. परवा खडा निघाला."

या बैठकीत लेकरांचे नियम ठरवायचे नसतात. मोठ्यांना काय जमेल तेवढंच ठरवायचं. आमचं ठरलं ते असं: जेवताना कुणाचाच फोन नाही, फक्त बाजाराच्या दिवसांत सौद्याचा फोन आला तर पतींनी उठून बाहेर जाऊन बोलायचं. ताटावर बसून नाही. कामाचा फोन आणि करमणुकीचा फोन यांतला फरक लेकरांना समजतो, पण मोठं माणूस उठून बाहेर गेलेलं दिसलं तरच.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. आमच्या गल्लीत भोंगा कोण वाजवणार? आम्ही घरात ताट वाजवतो. साडेसातला धाकटी स्टीलच्या ताटावर पळी मारते आणि सगळ्यांचे फोन देवळीत जातात. ताट वाजवायचा मान तिचा, त्यामुळं वेळ चुकत नाही. चुकवायचा प्रयत्न मोठेच करतात.

इथला सापळा: "आजी देते की!" आपण नाही म्हणालो की लेकरू आजीकडं जातं. यावर आजीला लेकरासमोर टोकू नका. मी एकदा टोकलं, आणि पुढचे आठ दिवस घरात मोबाईलपेक्षा मोठा विषय झाला. आत्यांना मी नंतर बाजूला बसवून विचारलं, "तुमच्याकडं मागितला की तुम्ही काय म्हणाल?" त्यांनीच वाक्य काढलं: "तुझ्या मम्मीला विचारून ये, मग देते." आता तेच चालतं. नियम त्यांच्या तोंडचा आहे, म्हणून त्या तो मोडत नाहीत.

पायरी २: फोनला घर द्यायचं

चपलेला जागा असते, देवाला असते, चाव्यांना असते. फोन तेवढा गादीवर, फ्रिजवर, उशीखाली, न्हाणीघराच्या खिडकीत असा घरभर पडलेला असतो. पडलेली वस्तू लेकरू उचलणारच. आमच्या घरात दाराशेजारी जुनी देवळी होती, तिच्यात आधी रॉकेलची चिमणी असायची. तीच फोनची जागा केली, शेजारी चार्जिंगचा बोर्ड बसवून घेतला. रात्री सगळे फोन तिथं.

एवढ्या एका गोष्टीनं निम्मं भांडण मिटलं. फोन दिसला म्हणून घेतला, हे बंद झालं. घ्यायचा तर देवळीपर्यंत जावं लागतं, आणि जाताना कुणीतरी विचारतंच, "काय करलालास रे?"

लोडशेडिंगचं म्हणाल तर, वीज गेली की लेकरं पहिली मोबाईलची टॉर्च मागतात आणि टॉर्चवरून थेट गेमवर जातात. दहा-बारा रुपयांच्या मेणबत्त्या किंवा एक चार्जिंगची बॅटरी घेऊन ठेवा.

पायरी ३: मागायची रीत, परत द्यायची रीत

मागताना तीन गोष्टी सांगायच्या: कशाला हवा, किती वेळ हवा, आणि कुठं बसून बघणार. "मम्मी, मोबाईल दे" म्हटलं की मी ऐकू न आल्यासारखं करते. "मम्मी, मातीचा बैल कसा करायचा ते बघायचंय, वीस मिनिटं, इथंच बसतो" म्हटलं की देते. अंथरुणात घेऊन बघायचं नाही, दार लावून तर नाहीच.

देताना वहीत वेळ लिहायची. लेकरानं स्वतः लिहायची. धाकटीला घड्याळ कळत नाही, ती एक गोल काढते.

वेळ संपायच्या आधी पाच मिनिटं सांगा. "संपत आलंय, हे झालं की ठेव" असं म्हटलं तर लेकराची मनाची तयारी होते. हातातून हिसकावलं की रडारड ठरलेली. आणि इथंच एक बारीक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली. गोष्टीच्या व्हिडिओला शेवट असतो. रील आणि शॉर्ट्सना शेवट नसतो. "हे संपलं की ठेव" हे वाक्य शॉर्ट्सच्या बाबतीत लागूच पडत नाही, कारण बोट वर सरकवलं की पुढचं हजर. म्हणून लहान लेकरांना शॉर्ट्स अजिबात नको, आणि यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करून ठेवा, नाहीतर एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं आणि दोष लेकराला लागतो.

परत देताना हातात आणून द्यायचा. गादीवर फेकायचा नाही. आमच्याकडं परत दिल्यावर मी "दिलास का, बरं झालं" म्हणते. बक्षीस नाही. एकदा बक्षीस दिलं की पुढच्या वेळी बिस्किटाचा पुडा मागतात.

वेळ मोजून देणं लेकरांना अन्याय वाटतं. तेव्हा मी त्यांना पाण्याचं सांगते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी घासलेलं पाणी झाडांना घालायचो, आंघोळीला एक बादली ठरलेली असायची, आणि त्यावरून कुणी रुसत नव्हतं. आज नळाला पाणी असलं तरी आत्या तांब्यातलं उरलेलं पाणी फेकत नाहीत. "तुझ्या मोबाईलची ही घागर, आजची एवढी" असं म्हटलं की मोठ्याला पटतं. धाकटीला पटत नाही. ती म्हणते, "मला टँकर पायजे."

सुरुवातीचे चार-पाच दिवस वाईट जातात. धाकटी फरशीवर लोळली, शेजारच्या काकू विचारायला आल्या. दिलाच नाही तर सहाव्या-सातव्या दिवशी कमी होतं. तिसऱ्या दिवशी कंटाळून दिलात, तर लेकरू एवढंच शिकतं की तीन दिवस लोळावं लागतं.

इथला सापळा: जेवण भरवताना मोबाईल. खाणं पटकन उरकतं हे खरं, पण पोट भरल्याचं लेकराला कळत नाही आणि पुढं मोबाईलशिवाय तोंडच उघडत नाही. आमच्या मोठ्याचं सोडवायला दोन महिने गेले. ज्यांनी अजून ही सवय लावली नाही त्यांनी लावूच नका. ज्यांना लागली आहे त्यांनी एका वेळचं जेवण आधी सोडवा, सकाळचं. रात्री सगळेच दमलेले असतात, तेव्हा जमत नाही.

पायरी ४: माणूस आलं की फोन खाली

या लेखातलं एकच काहीतरी करायचं असेल तर हे करा. बाकी सगळं मागं राहिलं तरी चालेल.

पाहुणा दारात आला, लेकरू सोफ्यावर, मान खाली, फोनमध्ये. मामा विचारतोय, "काय रे, कितवीला गेलास?" आणि उत्तर "हं". लेकरू उद्धट नसतं, त्याला ऐकूच आलेलं नसतं. पण मामाला ते कसं कळणार?

आम्ही याचा खेळ केला. एकजण दाराबाहेर जाऊन पाहुणा व्हायचा, कडी वाजवायची. आत लेकरू फोन बघतंय. कडी वाजली की चार कामं, याच क्रमानं: फोन पालथा ठेवायचा, उठायचं, "या, बसा" म्हणायचं, पाण्याचा तांब्या आणायचा. पाया पडायचं असेल तर तांब्या दिल्यावर. पहिल्या आठवड्यात दररोज संध्याकाळी दोन-तीनदा खेळलो. मामंजी पाहुणा व्हायचे तेव्हा मुद्दाम काठी आपटत यायचे आणि "अरे, या घरात कुणी हाय का नाही?" म्हणून ओरडायचे. लेकरांना ते इतकं आवडलं की खरा पाहुणा आला तेव्हाही धाकटीनं धावत जाऊन त्यांना विचारलं, "परत बाहेर जाऊन कडी वाजवा की."

फोन पालथा ठेवणं महत्त्वाचं. सुलटा ठेवला की डोळा तिकडंच जातो. मोठ्यांचाही.

मग घराबाहेरच्या जागा. "बाहेर नीट वागायचं" असं म्हणून लेकराला काही कळत नाही, एकेक जागा घेऊन सांगावं लागतं:

मयताच्या घरी, तिसऱ्याला, दहाव्याला फोन लेकराच्या हातात नाहीच. चुळबूळ करत असेल तर त्याला अंगणात न्या, नाहीतर नेऊच नका. तो धडा माझा मीच शिकले आहे.

सप्ताहात, कीर्तनात, देवळात फोन पिशवीत आणि आवाज बंद. दोन तास बसवत नसेल तर लेकराला अर्ध्यातून उठू द्या. मागं बसून कार्टून बघणं मात्र नको. महाराजांना समोरून सगळं दिसतं.

पंगतीत नाही. पत्रावळीशेजारी फोन उभा करून जेवणारी लेकरं आता लग्नात ओळीनं दिसतात, आणि वाढणाऱ्याला लेकराला काय हवं ते विचारताच येत नाही.

दवाखान्यात, एसटीत चालेल, पण हेडफोन लावून, किंवा आवाज बंद करून. लालपरीत एकाच वेळी तीन फोनांवर तीन वेगळी गाणी वाजत असतात, त्यात आपल्या लेकरानं चौथं लावायचं नाही. हेडफोनचा आवाज निम्म्यावर ठेवा. शेजारी बसलेल्याला हेडफोनमधलं ऐकू येत असेल तर तो जास्त आहे, एवढी साधी खूण लेकराला सांगून ठेवा. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं धरलेली मर्यादा ७५ डेसिबल आहे, आठवड्याला ४० तास. डेसिबल घरी कोण मोजतं? शेजारच्याचा कान पुरे.

पायरी ५: फोनवर बोलायची रीत

वाजलेला फोन लेकरानं उचलायचा की नाही, हे आधी ठरवा. आमच्याकडं ज्याचा फोन तोच उचलतो. तो न्हाणीत असेल तर लेकरानं पडद्यावरचं नाव वाचून ओरडून सांगायचं, आणि उचल म्हटलं तरच उचलायचं. अनोळखी नंबर उचलायचा नाही.

उचलल्यावर: "हॅलो, मी अमक्याचा मुलगा बोलतोय, पप्पा आंघोळीला गेलेत, तुमचं नाव सांगा, निरोप देतो." निरोप वहीत. फोन तोंडाशी धरून "पप्पाऽऽ" म्हणून बोंबलायचं नाही, समोरच्याचा कान जातो. घरात एकटं असताना "घरात कुणी नाही" असं कधीच सांगायचं नाही. "मम्मी कामात आहे, थोड्या वेळानं फोन करा" एवढंच.

इथं मोठ्यांनी जपायचं. उधारीवाल्याचा किंवा नको असलेल्या माणसाचा फोन आला की आपण लेकराच्या हातात फोन देतो आणि "सांग, पप्पा घरी नाहीत" म्हणतो. पप्पा समोर खुर्चीवर. पोरगं ते शिकतं, आणि पुढं तेच तुमच्यावर वापरतं. आमच्याकडं मोठ्यानं एकदा असंच सांगितलं, "पप्पा म्हणालेत की पप्पा घरी नाहीत." त्या दिवसापासून पतींनी तो उद्योग सोडला.

व्हिडिओ कॉल लावण्याआधी घरात मोठ्यानं सांगायचं: "व्हिडिओ लावतोय." आत्या तेवढ्यात पदर सावरतात, कुणी बनियनवर असेल तर उठून जातं. कॉल सुरू असताना फोन घेऊन घरभर पळायचं नाही. धाकटीनं एकदा पुण्याच्या काकाला दाखवायला फोन स्वयंपाकघरात नेला, तेव्हा मी केस धूत होते. आता तिला शिकवलंय: नेण्याआधी "दाखवू का?" विचारायचं. आलेला व्हॉइस मेसेज चारचौघांत मोठ्यानं लावायचा नाही, हेही त्यातच. त्यात काय असेल ते पाठवणाऱ्याला आणि देवालाच माहीत.

पायरी ६: फोटो काढण्याआधी विचारायचं

फोटो काढण्याआधी विचारायचं, पाठवण्याआधी पुन्हा विचारायचं. आंघोळ करणाऱ्याचा, रडणाऱ्याचा, झोपलेल्याचा, आजारी माणसाचा फोटो काढायचा नाही. भांडणाचा, अपघाताचा व्हिडिओ करायचा नाही. कुणी म्हटलं "पुस", तर त्याच्यासमोर पुसायचा.

हे लेकराला शिकवायचं तर ते आपल्यालाही लागू होतं. मी मोठ्याचा दात पडल्याचा फोटो स्टेटसला ठेवला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात दोघांनी त्याला चिडवलं. घरी येऊन म्हणाला, "मला विचारलं होतंस का?" काढला स्टेटस. तेव्हापासून मी विचारते, आणि दहापैकी सहा वेळा तो नाही म्हणतो. शाळेच्या गणवेशातला, शाळेचं नाव दिसणारा फोटो तर त्यानं हो म्हटलं तरी ठेवत नाही.

पायरी ७: फोनची कुलपं

रीत शिकवून झाल्यावरच कुलपं लावा. आधी कुलूप लावलं तर लेकराचं सगळं डोकं ते उघडण्यात जातं. ही एका रविवारची कामं आहेत:

लहान लेकरांना साधं यूट्यूब न देता यूट्यूब किड्स द्या. त्यात पालकांच्या सेटिंगमध्ये जाऊन शोधायची सोय बंद करता येते, वेळ लावता येते, आणि तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असंही करता येतं. शोध बंद कराच, कारण ज्याला वाचता येत नाही ते लेकरू माइकवर बोलून शोधतं. आणखी एक गंमत: पालकांच्या सेटिंगचं दार उघडायला ते ॲप एक गुणाकार विचारतं. बालवाडीतलं लेकरू तिथं अडतं. आमच्या मोठ्याचे पाढे पाठ झाले आणि तो सरळ आत गेला. पाढे पाठ झाल्याचा आनंद करावा की काय, कळेना. गुणाकाराऐवजी स्वतःचा पासकोड लावता येतो, तो लावा.

फोन लेकराच्या हातात देताना एकच ॲप उघडं राहील अशी सोय अँड्रॉइडमध्ये आहे, तिला ॲप पिनिंग म्हणतात. कंपनीगणिक ती वेगळ्या ठिकाणी सापडते, म्हणून सेटिंगच्या शोधपट्टीत "पिन" टाकून बघा. बाहेर पडताना पिन विचारायचा पर्यायही सुरू करा, नाहीतर उपयोग नाही. आयफोनमध्ये याच कामासाठी गाइडेड ॲक्सेस आहे. लेकराला वेगळा फोन किंवा टॅब असेल तर गूगलचं फॅमिली लिंक बसवा. दिवसाची मर्यादा, झोपायची वेळ, कुठलं ॲप घ्यायचं याची परवानगी, हे सगळं तुमच्या फोनवरून ठरवता येतं.

प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. यूपीआयच्या ॲपला वेगळं कुलूप लावा, आणि पिन लेकरांसमोर दाबू नका. दुकानात आपण त्यांना कडेवर घेऊन पिन दाबतो, ती वरून बघत असतात. मोठ्या लेकराला एक गोष्ट समजावून ठेवा: यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "बक्षीस लागलंय, पिन टाका" म्हणजे फसवणूक. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. हा नंबर आमच्या देवळीच्या वर खडूनं लिहिलेला आहे, खाली १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

इथला सापळा: खातं उघडताना लेकराचं जन्मवर्ष खोटं टाकणं. मग ते ॲप त्याला मोठं माणूस समजतं आणि मोठ्यांचंच दाखवतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे. खोटं वर्ष टाकून ते संरक्षण आपणच काढून घेतो.

पायरी ८: वस्तू म्हणून जपणं

हे लवकर होतं. ओल्या हातानं चार्जर लावायचा नाही. चार्जिंगला असताना खेळायचं नाही. उशीखाली, गोधडीत ठेवायचा नाही, तापतो. दुसऱ्याचा फोन मागून घेतला तर त्यातलं फक्त मागितलेलंच बघायचं, फोटोंची गॅलरी उघडायची नाही. पाहुण्याचा फोन तर मागायचाच नाही, पाहुण्यानं "घे रे बाळा" म्हटलं तरी आधी आपल्या माणसाकडं बघायचं.

शाळेचा अभ्यास फोनवर येतो, त्याचं काय?

२०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनमध्ये आली आणि नंतर पूर्ण बाहेर गेलीच नाही. गृहपाठ अजून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतो. आम्ही असं करतो: मेसेज मी वाचते, लेकरू वहीत उतरवून घेतं, फोन परत देवळीत. एखादा व्हिडिओ बघायला सांगितला असेल तर तो माझ्याशेजारी बसून. "अभ्यास करतोय" म्हणून तासभर फोन घेऊन बसलेल्या लेकराच्या वहीत दोन ओळी असतात, हे मी तपासून बघितलं आहे.

चुकलं तर

चुकणारच. वेळ ओलांडली तर दुसऱ्या दिवसाची तेवढी मिनिटं कमी, वहीत लिहून. पाहुण्यासमोर मान वर केली नाही तर नंतर त्यांना फोन करून "काका, तुम्ही आलात तेव्हा मी बोललो नाही" असं सांगायचं. मोठ्याला हे एकदाच करावं लागलं. मारू नका, आणि महिनाभर फोन बंद अशी शिक्षाही देऊ नका. ती आपल्यालाच निभत नाही, चौथ्या दिवशी आपल्याला स्वयंपाक करायचा असतो.

एका चुकीला मात्र आमच्याकडं शिक्षा नाही. घाणेरडं, भीतीदायक काही समोर आलं, अनोळखी माणसानं काही विचारलं, चुकून काही दाबलं गेलं, आणि लेकरानं येऊन सांगितलं, तर त्याला रागवायचं नाही आणि त्या कारणानं फोनही काढून घ्यायचा नाही. मागच्या उन्हाळ्यात मोठा रात्री माझ्याजवळ येऊन गप उभा राहिला. नंतर म्हणाला, भुताचं एक बघितलं, आता डोळे मिटले की तेच दिसतं. शब्द माझ्या जिभेवर आले होते. गिळले. त्याला शेजारी झोपवलं. त्यानंतर तो येऊन सांगतो, न विचारता.

या मार्गशीर्षातल्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे शेतात होतो. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, आंबील, भज्जी, उंडे मांडले. धाकटीनं रिकामी झालेली भाकरीची टोपली घेतली आणि सगळ्यांसमोर फिरवली. चुलत दीरांनीही हसत फोन टाकले. पहिला घास घेतोय तोच टोपलीतून पतींचा फोन वाजला, बाजारातला. ते उठले, बांधावर जाऊन बोलून आले. येईपर्यंत धाकटी टोपली धरून उभीच होती. फोन परत टोपलीत पडला, आंबील लागलेल्या हातानं घेतल्यामुळं स्पीकरच्या जाळीत गेलेली. काडीनं काढायला मोठ्याला अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ वहीत धरायचा की नाही यावरून त्यांचं अजून ठरलेलं नाही.